गाडीतली खोट

मास्तरांनी आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली आणि आयुष्यभर लोकांवर ओरडले. दोन्ही कामं त्यांना सारखीच आवडायची. त्यांचं मोटार ट्रेनिंग स्कूल म्हणजे एक गाडी, एक पाटी आणि एक आवाज. दातांचे डॉक्टर, पोस्टमन, फुलवाली, बँकेचा मॅनेजर, सगळे कधी ना कधी त्या गाडीत घामाघूम झाले होते. अजूनही रस्त्यात मास्तर दिसले की मॅनेजरसाहेब हातातली पिशवी खाली ठेवून ताठ उभे राहायचे.

शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याची भंबेरी उडाली की शिकवणाऱ्याने तो दाबायचा. मास्तरांचा उजवा पाय त्या ब्रेकसाठीच जन्माला आला होता असं लोक म्हणत. त्या पायाने भाजीची हातगाडी वाचवली होती, झोपलेली कुत्री वाचवली होती, आणि एकदा तर रस्ता ओलांडणारी मॅनेजरसाहेबांची बायको खुद्द मॅनेजरसाहेबांपासून वाचवली होती. पाय आधी पडायचा आणि मागोमाग आवाज यायचा, "ब्रेक दाब! पाय आहे की उशी?" हे वाक्य गावात इतकं मुरलं होतं की मुलं पकडापकडी खेळताना एकमेकांना तेच म्हणायची. मास्तरांना त्याचा अभिमान होता. अभिमान कसला, चांगला गर्वच होता. उगाच सौम्य शब्द कशाला वापरायचा.

त्यांनी स्कूल बंद केलं आणि ती म्हातारी गाडी भंगारात गेली, तेव्हा घरासाठी नवी गाडी निवडली ती सुनेने. तिने महिनाभर वाचलं, चार ठिकाणी फिरली, चालवून बघितल्या आणि एक पसंत केली. गिअर आपोआप पडणारी, चावी न फिरवता सुरू होणारी. ब्रेक दाबायचा, बटण दाबायचं, ब्रेक सोडला की गाडी आपली आपण सरकायची. "बाबांच्या गुडघ्यांना बरी," ती म्हणाली. गाडी जास्त वापरणार तेच होते. मुलगा कामासाठी आठवडाभर बाहेरगावी असायचा, सून बसने कामावर जायची, आणि नातीला शाळेत नेणं-आणणं हा मास्तरांचा मान होता.

"गाडी कानाने घ्यायची असते, वाचून नाही," मास्तर तेव्हाच म्हणाले होते. पण गाडी दिसायला झकास होती आणि फुकट हट्ट करून काय मिळणार, म्हणून गप्प बसले. गप्प बसले ते मनात नोंद करूनच.

काही महिने बरे गेले. मग गाडीने रंग दाखवायला सुरुवात केली. मास्तर बसायचे, पाय ब्रेकवर ठेवायचे, बटण दाबायचे आणि गाडी ढिम्म. समोरच्या छोट्या पडद्यावर काहीतरी पिवळं उमटायचं. जवळचं वाचायचा चष्मा मास्तर गाडीत कधी लावायचे नाहीत. चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर हवी, टीव्हीवर नाही, हे त्यांचं तत्त्व होतं. पुन्हा बटण, पुन्हा ढिम्म. तिसऱ्यांदा चिडून बटणाला गुद्दा घातला की कधी सुरू व्हायची, कधी व्हायची नाही.

मग बोल्टला बोलावणं जायचं. बोल्टचं गॅरेज कोपऱ्यावरच होतं आणि तोही मास्तरांचाच विद्यार्थी. तो आला, बसला, बटण दाबलं, की गाडी शहाण्या मुलीसारखी सुरू.

"माझ्या हातून होते की मास्तर," तो कानकोंडा होऊन म्हणायचा.

"मग मी काय खोटं बोलतो?"

"छे छे, तुम्ही कशाला! ह्या नव्या गाड्याच अशा नखरेल. सेन्सर असेल."

त्याने बॅटरी बदलली. चावीतला सेल बदलला. ब्रेकखालचा एक स्विच बदलला, मग तोच स्विच पुन्हा बदलला. दुसरं कोणी गिऱ्हाईक असतं तर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, ब्रेक नीट दाबता ना? पण मास्तरांना हे विचारायची गावात कोणाची टाप होती? बोल्टला रिव्हर्स शिकवताना मास्तरांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या होत्या. तो मान खाली घालून स्विच बदलत राहिला.

आणि मास्तर सगळं खापर सुनेवर फोडत राहिले. तोंडावर नाही, तेवढे ते सभ्य होते. पण शेजाऱ्यांना सांगायचे, "सूनबाईंची पसंती! दिसायला गोरीगोमटी, कामाला शून्य." सून आतल्या खोलीत असली की जरा मोठ्याने सांगायचे. सुनेने एकदाही उलट उत्तर दिलं नाही. ती मुळात चिडकी नव्हती, आणि लग्नाआधी मास्तरांच्याच हाताखाली गाडी शिकली असल्याने उशीचं वाक्य सगळ्यात जास्त वेळा तिनेच ऐकलं होतं. रात्री जेवणं झाली की ती फोनवर गाडीच्या तक्रारी वाचत बसायची. आपल्यासारखं आणखी कोणाला होतं का ते शोधायची. कोणालाच होत नव्हतं.

तिचं काम होतं कानाची मशीनं बसवून देण्याचं. एकदा जेवताना ती हसत म्हणाली होती, "आमच्याकडे येणारा एकही माणूस म्हणत नाही की मला ऐकू येत नाही. सगळे म्हणतात, माझे कान ठणठणीत आहेत, घरचेच हल्ली पुटपुटतात." मास्तर त्यावर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मग शाळेच्या फाटकापाशी ती गोष्ट झाली. नातीला घरात सगळे मुंगी म्हणत, कारण ती एका जागी ठरायची नाही. मुंगी मागच्या सीटवर पट्टा सोडून दप्तर चढवत होती. मास्तरांनी गाडी थांबवली होती, पाय ब्रेकवर होता, निदान त्यांच्या हिशेबाने होता. गाडी हळूच पुढे सरकली आणि लोखंडी कठड्याला जाऊन भिडली. मुंगीचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. टेंगूळ आलं, बाकी काही नाही. पण कठड्याच्या पलीकडे पाच-सहा मुलं उभी होती.

"ब्रेकच लागले नाहीत," मास्तर घरी येऊन म्हणाले. "ही गाडी एक दिवस जीव घेईल कोणाचा तरी."

सुनेने मुंगीच्या कपाळाला बर्फ लावला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "विकून टाकू," ती म्हणाली. "माझंच चुकलं. साधी, चावीची, तुम्हाला हवी तशी दुसरी बघू."

मास्तरांना त्या क्षणी बरं वाटलं, हे सांगायलाच हवं. नातीच्या कपाळावर टेंगूळ असताना त्यांना आपण बरोबर ठरल्याचा आनंद झाला होता. पुढे त्यांना ज्या ज्या गोष्टींची लाज वाटली, त्यात ही वरच्या नंबरावर होती.

फुलवालीला दुकानाच्या कामासाठी गाडी हवीच होती. सोमवारी संध्याकाळी बघायला येते म्हणाली.

रविवारी संध्याकाळी फिरून आल्यावर मास्तरांनी दारात बूट काढले. उजव्या बुटातून काहीतरी टपकन खाली पडलं. मुंगीची केसांची पिन. पत्र्याची, वर लाल फुलपाखरू असलेली. मुंगी वस्तू कुठेही कोंबायची, त्यात नवल नव्हतं. नवल पायमोज्यात होतं. तळव्यापाशी तो रक्ताने भिजून वाळला होता. मास्तरांनी मोजा सोलून काढला. तळव्याला चांगला खोल ओरखडा, आणि त्यात पिनेचा ठसा उमटलेला.

ते तासभर चालले होते. बागेपर्यंत गेले होते, बाकावर बसले होते, पोस्टमनशी राजकारणावर भांडून परत आले होते. आणि त्यांना काही म्हणजे काहीच लागलं नव्हतं.

त्यांनी अंगठ्याने तळवा दाबला. अंगठ्याला तळवा लागला. तळव्याला अंगठा लागला नाही. मधुमेहाची गोळी ते आठवेल तेव्हा घ्यायचे, आणि पायांना मुंग्या येतात का, असं डॉक्टरांनी मागे विचारलं होतं तेव्हा, "माझ्या घरात एकच मुंगी आहे," असा विनोद करून आले होते. आता त्यांनी मोजा चुरगाळून कागदात गुंडाळला आणि कचऱ्याच्या डब्यात तळाशी घातला. चोरी केल्यासारखं त्यांनी मागे वळून बघितलं.

सोमवारी उजाडता उजाडता, घर उठायच्या आत, ते गाडीत जाऊन बसले. पाय ब्रेकवर ठेवला, नेहमीसारखा. बटण दाबलं. ढिम्म. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गाडीत जवळचा चष्मा लावला आणि तो पिवळा मजकूर वाचला. दोनच शब्द होते.

ब्रेक दाबा.

मास्तरांनी खाली वाकून बघितलं. पाय ब्रेकवर होता. नुसता होता. शेजारची मांजर पायरीवर पंजा टेकून बसते तसा. त्यांच्या मनाने तो दाबला होता, आणि ब्रेक जागचा हललाही नव्हता. त्यांनी डोळ्यांनी बघत, मांडीपासून जोर लावून पाय रेटला. बटण दाबलं. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

म्हणजे इतके महिने ही बिचारी त्यांना तेच सांगत होती. अर्ध्या गावाला ते जे ओरडून सांगत आले तेच, फक्त न ओरडता. लाजेने त्यांचे कान गरम झाले. आसपास कोणी नव्हतं, तरी त्यांना तोंड लपवावंसं वाटलं.

शहाण्या माणसाने इथेच घरात जाऊन सांगून टाकलं असतं. मास्तर घरात गेले आणि त्यांनी चहा मागितला.

"आज मला लवकर जायचंय," सून म्हणाली. "गाडीचा भरवसा नाही. मुंगीला बसने सोडाल का?"

आयती पळवाट समोर आली होती. हो म्हणायचा अवकाश. पण सून उत्तराची वाट न बघता निघून गेली, आणि मुंगी दप्तर घेऊन येत म्हणाली, "आजोबा, गाडी, गाडी! बसमध्ये मला कोणी खिडकी देत नाही." आणि मास्तर म्हणाले, "चल, सोडतो की. त्यात काय!" त्यांनी स्वतःची समजूत घातली, की आता आपल्याला ठाऊक आहे, आपण जोर लावून दाबू. एकच फेरी. एरवी अशी समजूत घालणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांनी गाडीतून खाली उतरवलं असतं.

ते सबंध रस्ता पायाकडे बघत गेले. पाय बघायचा तर रस्ता बघता येईना, आणि रस्ता बघायचा तर पाय कुठे आहे ते कळेना. दवाखान्याच्या वळणावर एक सायकलवाला त्यांना चुकवून जोरात शिवी देऊन गेला. मास्तरांनी घाबरून इतक्या जोरात ब्रेक रेटला की गाडी गचकन थांबली. मागून मुंगी खिदळली, "आजोबा, पाय आहे की उशी?"

ती तिसऱ्या इयत्तेत होती. तिच्या मनात काही नव्हतं. शाळेपाशी ती उतरून उड्या मारत गेली, आणि मास्तरांना रिकामी गाडी घरी आणायची हिंमत होईना. त्यांनी ती तिथेच एका झाडाखाली लावली आणि चालत घरी आले. दुपारी बोल्टला म्हणाले, "जरा घेऊन ये रे, पुन्हा नखरे करतेय." हे खोटं त्यांच्या तोंडातून इतक्या सहज निघालं की त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

संध्याकाळी फुलवाली आली. हातात मुंगीसाठी एक गुलाबी फूल. बोल्टही आला होता. मुंगी पायरीवर बसून फुलाच्या पाकळ्या सुट्या करत होती.

"मास्तरांची गाडी म्हटल्यावर मी बोनेटही उघडून बघणार नाही," फुलवाली म्हणाली.

"नाही, तुम्ही ऐकून घ्या आधी," सून म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. सुरू न होणं, बदललेली बॅटरी, बदललेले स्विच, शाळेचा कठडा. काही लपवलं नाही, काही कमी करून सांगितलं नाही. "बोल्टभाऊंनी सगळं करून बघितलं, पण दोष सापडत नाही. किंमत तुम्ही सांगाल ती. ही गाडी मी पसंत केली होती. मी फसले, तशा तुम्ही फसू नका."

मास्तर बाजूला उभे होते. सुनेच्या चेहऱ्यावरचा भाव त्यांच्या चांगला ओळखीचा होता. परीक्षेत नापास होऊन गाडीतून उतरणाऱ्यांचा असायचा तो. त्यांनी तो शेकडो तोंडांवर बघितला होता आणि निम्म्या वेळा आणलाही त्यांनीच होता.

बोल्टने गाडी सुरू करून दाखवली. फुलवालीने सुरू केली, गल्लीतून एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "मला तर काहीच त्रास दिला नाही हिने. मास्तर, तुम्ही दाखवा ना एकदा, काय करते ते."

मास्तर गाडीत बसले. दार उघडंच ठेवलं.

खाली बघून पाय रेटला असता तर गाडी सुरू झाली असती. फुलवाली खूश होऊन घेऊन गेली असती, आणि तिच्याबरोबर ही भानगडही कायमची गेली असती. बदनाम गाडी, चुकलेली सून, आणि मास्तर जसेच्या तसे. मग साधी, चावीची गाडी आली असती. ती ब्रेक न दाबताही सुरू झाली असती. आणि मागच्या सीटवर मुंगी बसली असती.

मास्तरांनी खाली बघितलं नाही. रोजच्यासारखा पाय ठेवला आणि बटण दाबलं. पिवळी अक्षरं उमटली.

"बोल्ट," ते म्हणाले, "इकडे ये. काय लिहिलंय ते वाच. मोठ्याने."

बोल्ट दारापाशी आला. "ब्रेक दाबा," त्याने वाचलं आणि घाईघाईने म्हणाला, "पण तुम्ही तर दाबलाच आहे, मास्तर. सेन्सरच तो, मी म्हणालो नव्हतो…"

"वाकून बघ. माझा पाय बघ."

बोल्ट वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. उठला तेव्हा तो मास्तरांकडे बघेना.

"बोल ना!"

"पाय… नुसता ठेवलाय, मास्तर."

"मला वाटतंय मी दाबलाय," मास्तर म्हणाले. "आत्तासुद्धा वाटतंय. पायाला कळतच नाही काही. गाडीत खोट नाही, सूनबाई. कधीच नव्हती. तुझी गाडी चांगली आहे."

फुलवाली आपल्या चपलांकडे बघू लागली. सून हळूहळू दारापाशी आली. तिच्या तोंडावर आधी सुटका दिसली, मग कणव दिसली. तिचा हात मास्तरांच्या खांद्याकडे आला, आणि तिथेच मध्ये थांबला.

"कधी कळलं तुम्हाला?"

इथे थोडं खोटं बोलता आलं असतं. आत्ता, म्हणून सांगता आलं असतं.

"आज पहाटे," मास्तर म्हणाले.

सुनेने पायरीवर बसलेल्या मुंगीकडे बघितलं. मग पुन्हा मास्तरांकडे.

"पहाटे," ती म्हणाली. "आणि सकाळी हिला शाळेत कशाने सोडलंत?"

"गाडीने."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मास्तरांना सोसलं असतं, ती भाषा त्यांना येत होती. ती नुसती बघत राहिली, आणि मास्तरांना त्या सीटवर बसवेना.

"उतरा, बाबा," ती म्हणाली.

मास्तरांनी खाली बघून पाय जमिनीला लागल्याची खात्री केली आणि मग उतरले. फुलवाली हळूच म्हणाली, "मग गाडीचं?"

"विकायची नाही," सून म्हणाली. "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला, माफ करा." ती चालवायच्या सीटवर बसली, सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला वळवला. "मुंगी, मागे बस. पट्टा लाव. बाबा, तुम्हीही बसा. दवाखाना अजून उघडा असेल, पाय दाखवून येऊ."

मास्तर शेजारच्या सीटवर बसले. उभा जन्म ते याच बाजूला बसत आले होते. फक्त इथे त्यांच्यापुढे ब्रेक नव्हता, नुसतं पायपुसणं होतं. सुनेने बटण दाबलं आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

दवाखान्याच्या वळणावर एक हातगाडीवाला अचानक आडवा आला. मास्तरांनी सवयीने पाय दाबला. दाबला गेला की नाही ते त्यांना कळलं नाही. गाडी मात्र अलगद थांबली. सुनेने ब्रेक दाबला होता.